कवडशावरून उत्तरायणाचा दिवस कसा काढायचा

संक्रांतीला उत्तरायण लागतं असं आपण म्हणतो, पण सूर्य उत्तरेकडे वळतो तो 21-22 डिसेंबरलाच. साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच सुमारास येत. संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलत असल्यामुळे, आता तेवीस-चोवीस दिवसांचं अंतर पडलंय. खरा दिवस कोल्हापुरातल्या कुठल्याही गच्चीवर काढता येतो.

नुसती काठी उभी करू नका. मीटरभर काठीच्या सावलीचं टोक दीडेक सेंटिमीटर पसरट, धूसर पडतं. खूण नेमकी कुठे करायची ते ठरत नाही. त्यापेक्षा वीतभर पत्र्याला 4 मिलिमीटरचं भोक पाडा. गच्चीच्या दक्षिणेच्या कठड्यावर तो पत्रा आडवा ठेवा, भोक आतल्या बाजूला येईल असा, आणि वर विटा ठेवून पक्का करा. भोकातून ओळंबा सोडून खाली खूण करा. माप याच खुणेपासून कवडशाच्या मध्यापर्यंत घ्यायचं. भोक जमिनीपासून 100 सेंटिमीटरवर असेल, तर 22 डिसेंबरला माध्यान्ही ते 84 भरतं. कमी-जास्त भरलं तर आधी गच्चीचा उतार तपासा. पावसाच्या पाण्यासाठी उत्तरेकडे शंभराला एक उतार दिला असेल, तरी सात मिलिमीटर वाढतात.

घड्याळात बारा वाजले म्हणजे माध्यान्ह झाली असं नाही. आपली वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, कोल्हापूर 74.2 वर, इथेच 33 मिनिटं जातात. त्यात पृथ्वीच्या गतीमुळे तारखेगणिक फरक पडतो: 1 डिसेंबरला माध्यान्ह 12.22 ला, 22 डिसेंबरला 12.31 ला, 11 जानेवारीला 12.41 ला. वीस मिनिटं आधीपासून दर पाच मिनिटांनी पेन्सिलीने खूण करा; सगळ्यांत आखूड माप ते माध्यान्हीचं.

आता खरी अडचण. अयनाच्या, म्हणजे सूर्य वळण्याच्या, सुमारास तो जणू थबकतो: 22 डिसेंबरनंतर चार दिवसांत कवडसा जेमतेम दोन मिलिमीटर सरकतो. त्यामुळे त्याच दिवशी पाहून काही कळत नाही. जुन्या रोमन पंचांगात हा दिवस 25 डिसेंबरला धरलेला होता, आणि इ.स. 354 च्या पंचांगात त्याच तारखेला ‘अजिंक्य’ सूर्याचा जन्मदिवस नोंदलेला आहे. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजला, इ.स.पू. 3200 च्या सुमारास बांधलेल्या दगडी थडग्यात, दाराच्या वरच्या झरोक्यातून या दिवसांत उगवतीचं ऊन आतल्या खोलीपर्यंत पोचतं. तेही एकाच दिवशी नव्हे, अयनाच्या आगेमागे काही दिवस.

म्हणून दोन टोकं पकडा. 1 डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीची खूण ऑइलपेंटने करा; तेव्हा कवडसा रोज चार मिलिमीटर सरकत असतो. जानेवारीत तो त्याच खुणेवर परत येईल तो दिवस टिपा आणि मधल्या दिवसांचे निम्मे करा. या पद्धतीत उतार आडवा येत नाही, पत्रा मात्र हलता कामा नये. ढग आले तर दुसऱ्या दिवशीची खूण धरा, पण त्याची जोडी जानेवारीत नव्याने शोधा.

अंबाबाईच्या किरणोत्सवावर हेच गणित करून पाहा. मावळतीची किरणं गाभाऱ्यात येतात ती 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. 10 नोव्हेंबर ते 1 फेब्रुवारी 83 दिवस. निम्मे केले की 21 डिसेंबर.