पीक फ्लो मीटर फुंकताना या चुका टाळा

पीक फ्लो मीटर म्हणजे जोरात फुंकल्यावर छातीतली हवा मिनिटाला किती लिटर वेगानं बाहेर पडते ते दाखवणारी नळी. नाशिकला थंडी पडली की दम्याच्या पेशंटांच्या या आकड्यांच्या वह्या समोर येतात. उघडावी तर 350, 350, 350. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. हे आकडे फुंकलेले नसतात, दवाखान्याच्या पायरीवर बसून भरलेले असतात.

त्यापेक्षाही डोकं फिरवते ती थुंकल्यासारखी फुंक. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराचा मुलगा, उंची 150 सेंमी. एवढ्या उंचीला साधारण 310 अपेक्षित, याच्या वहीत रोज 380 च्या वर. आजी मात्र म्हणत होती, "रात्री खोकून खोकून उठून बसतं हो पोरगं." घरच्यांनी मीटरवर विश्वास ठेवून दम्याच्या औषधाचा पंप निम्मा केलेला. म्हटलं, बाळा, माझ्यासमोर फुंक. त्यानं नळीच्या तोंडाशी जीभ लावली आणि मटारचा दाणा उडवावा तसं 'थू' केलं. काटा 390! गाल आणि जिभेचा झटका होता तो, छातीचं काम त्यात काहीच नव्हतं. मग त्याला उभं केलं. नळी दातांमध्ये, जीभ खाली, ओठ घट्ट, छाती पूर्ण भरून एका दमात जोरात फुंक. 230. आजीचा कान मीटरपेक्षा खरा निघाला. तेव्हापासून मी आधी फुंकायला लावतो, वही नंतर बघतो.

पंप मारून मग फुंकणारे तर घरोघरी. सकाळी आधी फुंक, मग पंप. तीनदा फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, सरासरी काढायची नाही. मधेच मीटर बदलू नका, दोन मीटरचे आकडे जुळतीलच असं नाही.

दम्याच्या निदानासाठी किमान दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकावं लागतं. रोजच्या चढउताराची सरासरी मोठ्यांत 10 टक्क्यांच्या, मुलांत 13 टक्क्यांच्या वर गेली तर दम्याचा संशय बळावतो. चार दिवसांत कंटाळणाऱ्यांनी मीटर घेऊच नये, उगाच पैसे वाया.

आता फेनोचं छोटं यंत्र आलंय. ते श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजतं, त्यावरून श्वासनळीतल्या ॲलर्जीच्या सुजेचा अंदाज येतो. इथं जोर नको. मोठ्यांनी 10 सेकंद संथ, एकसारखं फुंकायचं. पण लोक इथंही धाडकन फुंकतात. पालक किंवा बीट खाऊन आलात तर आकडा चढतो, नुकतीच बिडी ओढली असेल तर उतरतो. त्याच दिवशी स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची तपासणी, असेल तर फेनो आधी.

फेनोचा आकडा मोठ्यांत 25 पीपीबीच्या (हवेच्या अब्ज भागांत इतके भाग) खाली कमी, 50 च्या वर जास्त. पण कमी आला म्हणजे दमा नाही असं नव्हे. स्टेरॉइडच्या पंपानं तो उतरतोच, आणि उतरला की लोक पंपच बंद करतात!

पीक फ्लो स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या निम्म्याखाली गेला तर "परत बघू" म्हणून फुंकत बसू नका. डॉक्टरांनी दिलेला तातडीचा पंप घ्या आणि लगेच दवाखाना गाठा.