हात न टेकता उठायचं कसं: साठीनंतर बसणं कमी करण्याची पद्धत

आमच्या बेळगावातल्या शहापुरात कुणाच्याही सोप्यात पाऊल टाका, कानावर पहिला शब्द येतो तो "बसा की ओ". मग पाणी, मग चहा, मग गप्पा. मी तर ३० वर्षं शिलाई मशीनसमोर बसून ब्लाउज शिवले. ५८व्या वर्षी एका हळदीकुंकवाला सतरंजीवर बसले आणि उठायची वेळ आली तेव्हा दोघींनी काखेत हात घालून मला उभं केलं. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. आता मला ६७ पूर्ण झाली आणि जमिनीवरून मी एकटी उठते. मधल्या वर्षांत गल्लीतल्या आठदहा जणांकडून हेच करून घेतलं, त्यांत ७९ वर्षांच्या एक आजीही आहेत.

साठी उलटली की जो तो सांगतो, "चाला." चालणं चांगलंच आहे. पण ज्याला खुर्चीतून उठतानाच धडकी भरते, तो चालायला जाणार कधी? म्हातारी माणसं आळसानं बसून राहत नाहीत. उठणं जड झालेलं असतं म्हणून बसून राहतात, आणि बसून राहिल्यानं मांड्यांतली ताकद आणखी जाते. हे चक्र उठण्याच्या जागीच तोडावं लागतं.

चालण्याचं एवढंच सांगते: बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा चालीनं, आठवड्याला निदान १५० मिनिटं. व्हॅक्सिन डेपो, किल्ला तलाव, कॅम्पातले झाडीचे रस्ते, जिथे सोयीचं पडेल तिथे. दहा हजार पावलांच्या मागे लागू नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातून आला. 

आणि "सकाळी तासभर चालून आलो, आता दिवसभर बसलं तर काय बिघडलं?" हेही मनातून काढा. १९५३ साली जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली. दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आणि बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त, असं त्यात दिसलं. कंडक्टर काही व्यायामशाळेत जात नव्हते. त्यांचं कामच त्यांना उठवत होतं.

छातीत दुखतं, चालताना धाप लागते, नुकतं ऑपरेशन झालंय, खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदललाय, एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखतेय, अशांनी आधी डॉक्टर गाठावा. बाकीच्यांनी आजच सुरू करावं.

खुर्ची

लाकडी घ्या, चार पायांची, पाठ भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची नको. दुसऱ्याच आठवड्यात माझी प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकली, मी खाली आपटले आणि तीन आठवडे माकडहाड दुखत होतं. पाय मोकळे ठेवा किंवा रबरी तळव्याची चप्पल घाला, मोजे घालून तर मुळीच नको. साडी असेल तर निऱ्या थोड्या वर खोचून घ्या. उठताना निरी पायाखाली आली की तोल जातोच.

साधारण १७ इंच उंचीची बैठक चांगली. पण सुरुवातीला ती फार खाली वाटते, आणि तिथेच लोक गुडघ्यांवर हात दाबून उठायला लागतात. त्यावर उपाय घरातच आहे. वाकळेची चौपदरी घडी करून खुर्चीवर ठेवायची आणि सुतळीनं घट्ट बांधायची, म्हणजे सरकत नाही. तरीही जड जात असेल तर दोन वाकळा. हात न टेकता जेमतेम उठता येईल तेवढी उंची करा. पुढे दर दोनतीन आठवड्यांनी एकेक पदर कमी करायचा. मला दोन वाकळांवरून कोऱ्या खुर्चीवर यायला पाच महिने लागले. वाकळ न वापरता हिमतीवर उठू पाहणारे पहिल्या आठवड्यातच गुडघा दुखवून घेतात आणि "हे आमच्यासाठी नाही" म्हणत सोडून देतात.

उठणं

इथे मी दोन महिने वाया घालवले. कुणीतरी सांगितलं होतं, "पाठ एकदम ताठ ठेवून उठा." मी ताठ बसायची, जोर लावायची, अर्धा वीत वर यायची आणि मागे पडायची. मांड्या थरथरायच्या, डोळ्यांत पाणी यायचं. आपल्या पायांत जीवच उरला नाही, अशी माझी खात्री झाली होती. जीव होता, फक्त अंगाचं वजन चुकीच्या जागी होतं. ताठ बसल्यावर सगळा भार टाचांच्या मागे असतो. तो तळव्यांच्या वर आणल्याशिवाय तरणा गडीही हात न टेकता उठू शकत नाही. करून बघा.

आधी खुर्चीच्या पुढच्या कडेला सरका. पाय कमरेइतके फाकलेले, आणि टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे ओढून घेतलेल्या. हे टाचा मागे घेणं फार लोक विसरतात आणि अर्धी अडचण तिथेच असते. आता खुब्यातून पुढे वाका. पाठीचं कुबड काढून वाकायचं नाही, पोट मांड्यांकडे न्यायचं. किती वाकायचं? गळ्यातलं मंगळसूत्र मोकळं सोडा. गवंड्याच्या ओळंब्यासारखं ते सरळ खाली लोंबतं. ते पायाच्या बोटांच्या वर आलं की पुरेसं वाकलात. आमच्या गल्लीतले एक माळकरी काका तुळशीची माळ बघून हेच करतात. माळ बोटांवर आली की बूड आपोआप हलकं होतं, आणि ते हलकं झालेलं स्वतःला कळतं. त्या क्षणी टाचांनी जमीन दाबा, तोंडानं श्वास सोडा आणि वर या. श्वास कोंडून कुंथत उठायचं नाही, त्यानं रक्तदाब चढतो.

गुडघे आतल्या बाजूला एकमेकांकडे झुकू देऊ नका. बायकांचे फार झुकतात. समोर आरसा ठेवा, नाहीतर नातवाला बसवा, "आजी, गुडघे!" असं ओरडायला.

उभं राहिल्यावर पूर्ण उभं राहा. अर्धवट वाकलेलं राहून परत बसलात तर कुल्ल्यांच्या स्नायूंना पूर्ण काम मिळत नाही.

आणि आता बसणं. खुर्चीत धप्पकन पडणं म्हणजे कमाईतला निम्मा पैसा रस्त्यात सांडणं. ताकद खाली येताना जास्त येते, फक्त सावकाश यायला हवं. परत मंगळसूत्र पुढे, बूड मागे, आणि चार अंक मोजत खाली. ७९ वर्षांच्या त्या आजी मोठ्यानं कन्नडमध्ये मोजतात, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु". नाल्कु म्हणेपर्यंत खुर्चीला अंग लागलं नाही पाहिजे, हा त्यांचाच नियम. मोठ्यानं मोजल्यानं श्वासही कोंडला जात नाही.

पाच वेळा करा, दोन मिनिटं थांबा, परत पाच. एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, ते चांगलं लक्षण. गुडघ्याच्या सांध्यात टोचल्यासारखी कळ आली, किंवा सकाळी गुडघा सुजलेला दिसला, तर वाकळेचा एक पदर परत चढवा. बंद करू नका. "गुडघे झिजलेत, आता हालचाल कमी करा" हा सल्ला मी इतक्यांच्या तोंडून ऐकलाय, आणि तो ऐकून अंथरुणाला खिळलेल्या बायका डोळ्यांसमोर पाहिल्यात, की मला ते शब्द सहन होत नाहीत. झिजलेल्या गुडघ्याला आधार मांडीच्या स्नायूचाच असतो.

कुठवर आलो हे बघायला महिन्यातून एकदा हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठबस होते ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या बाईची ११ पेक्षा कमी आणि पुरुषाची १२ पेक्षा कमी झाली, तर पायांची ताकद सरासरीखाली आणि पडण्याचा धोका जास्त, असं डॉक्टर लोक धरतात. ७० ते ७४ मध्ये बायकांसाठी हा आकडा १० आहे, पुरुषांसाठी १२च. हात टेकला तर गुण शून्य. हे मोजमाप कोऱ्या खुर्चीवर, वाकळ काढून. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा चार आले होते.

उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, विशेषतः रक्तदाबाच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील तर, आधी बसल्याबसल्या दहापंधरा वेळा टाचा वरखाली करा. पोटऱ्या आवळल्या की पायांत साचलेलं रक्त वर ढकललं जातं. मग उठा आणि खुर्चीला धरून क्षणभर थांबा. अंधारी रोजच येत असेल तर डॉक्टरांना सांगा. मनानं गोळी बंद करू नका.

दुपार

सकाळ कामात जाते. खरं बसणं होतं ते जेवणापासून दिवेलागणीपर्यंत. दर अर्ध्या तासानं उठून दोनतीन मिनिटं हिंडायचं, एवढंच करायचं असतं. मधुमेह असणाऱ्यांना तर याचा फायदा जास्त, जेवणानंतर चढणारी साखर त्यानं आवरते. मोबाइलचा गजर लावू नका. चार दिवसांत तो न ऐकल्यासारखा होतो. उठणं एखाद्या गोष्टीला बांधून टाका. मालिकेत जाहिरात लागली की उठायचं. फोन आला की उभं राहून बोलायचं, आणि फोनचा चार्जर खुर्चीजवळ नाही, मागच्या खोलीत. पाण्याचा तांब्या उशाशी नको. तो स्वयंपाकघरात, आणि पेला लहान.

यात सगळ्यांत मोठी आडकाठी मायेची असते. सून म्हणते, "अत्ती, तुम्ही बसा, मी आणते." नातू चष्मा आणून देतो, मुलगा औषधाची डबी हातात ठेवतो. ज्या घरात म्हाताऱ्यांवर सगळ्यांत जास्त जीव असतो, तिथलीच माणसं सगळ्यांत जास्त बसून राहतात. मी सुनेला समोर बसवून सांगितलं, मला वाढ, पण हात धुवायला मला उठू दे, शेंगा सोलायला दे, वाळत घातलेले कपडे मी काढणार. तिला आधी वाईट वाटलं. लोक काय म्हणतील, म्हणाली. आता तीच म्हणते, "अत्ती, कपडे तेवढे काढता काय?"

पावसाळ्यात चालणं घरातच. जून ते सप्टेंबर आमच्याकडे, आणि खानापूरकडे तर विचारूच नका, दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतं. अशा दिवसांत बाहेर फिरायचा हट्ट धरून खुबा मोडून घेतलेल्या दोघीजणी मला ठाऊक आहेत. शहापूर-वडगावची जुनी घरं अरुंद पण लांब. आमच्या पुढच्या उंबऱ्यापासून परसातल्या नळापर्यंत ३८ पावलं होतात. जाऊन-येऊन दहा फेऱ्या, दिवसातून तीनदा. गावात हरिपाठ असेल तर तो उभ्यानं, पावली टाकत म्हणा.

आठवड्यातून तीनदा ओट्याला बोटं टेकून एका पायावर दहा अंक उभं राहा, मग दुसऱ्या. तोलासाठी निदान एवढं तरी.

जमीन

खुर्चीवरच्या ३० सेकंदांच्या मोजणीत बाराच्या पुढे गेलात की मगच जमिनीवर उतरा, तेही घरात कुणी असताना. जवळ जड पाट किंवा स्टूल ठेवा. मांडी घालून बसल्या जागेवरून सरळ वर यायची घाई नको. आधी एका कुशीवर हात टेकून वळा, मग चारी पायांवर या, रांगणाऱ्या मुलासारखं. गुडघ्यांखाली वाकळ असू द्या. दोन्ही हात स्टुलावर, जो पाय बळकट तो पुढे, तळवा पूर्ण टेकलेला. पुढचं तुम्हाला येतंच: वजन पुढे, श्वास सोडत वर. कधी घरात एकटे असताना पडलात तर हीच वाट कामी येते, म्हणून महिन्यातून दोनतीनदा ती करून ठेवा. पडल्यावर मात्र लगेच उठू नका. कुठे दुखतंय ते पडल्याजागी चाचपा, खुब्यात किंवा मांडीच्या वर कळ असेल तर हलू नका, हाक मारा.

ताप आला, आठ दिवस अंथरुणात गेले, तर जिथे सोडलं होतं तिथून सुरू करू नका. म्हातारपणी आठ दिवसांच्या पडून राहण्यानं बरंच बळ जातं. मागच्या वर्षी डेंग्यूनंतर मी परत दोन वाकळांपासून सुरुवात केली. कोऱ्या खुर्चीवर यायला त्या वेळी सात आठवडे लागले.