तपासणी पथक गेल्यानंतरचा महिना: बालगृहाच्या अधीक्षकांसाठी

तपासणीचा अहवाल हातात आला की बहुतेक संस्थांमध्ये पहिली धाव कपाटाकडे जाते. रजिस्टरं काढायची, राहिलेल्या सह्या घ्यायच्या, प्रत्येक मुद्द्यापुढे ‘पूर्तता केली’ असा शेरा मारून अहवाल जिल्ह्याला धाडायचा. मुलींच्या बालगृहात मी अधीक्षिका होते. निवृत्तीनंतर संस्था बोलावतात तिथे जाते आणि सगळीकडे एकच सांगते: त्रुटी कागदावर दिसली तरी ती कुठल्या तरी मुलीनं सोसलेली असते. आधी ती मुलगी शोधा, कागद मग.

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ५४ प्रमाणे तपासणी समितीनं तीन महिन्यांतून किमान एकदा यायचं असतं. पथकात किमान तिघं, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. भेटीनंतर आठवड्याभरात अहवाल आणि त्यावर महिन्याभरात कार्यवाही. महिना बघता बघता संपतो, म्हणून कशाला आधी हात घालायचा हे पहिल्याच दिवशी ठरवा.

मारहाण किंवा लैंगिक त्रासाची नुसती शंका जरी अहवालात असली, तरी बाकी सगळं बाजूला ठेवा. संस्थेची अंतर्गत चौकशी, कर्मचाऱ्याला समज देणं, यात वेळ घालवायचा नाही. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांना कुठे ठेवायचं याचे आदेश देणाऱ्या बाल कल्याण समितीलाही त्याच दिवशी कळवा, त्या माणसाला मुलांपासून दूर ठेवा आणि मुलीला खोदून खोदून विचारू नका.

अग्निशमन यंत्राची मुदत, दर्शनी फलक, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, ही कामं एका माणसाला तारीख देऊन सोपवा. ती होतात. शौचालयांचं मात्र तसं नाही. नियमात सात मुलांमागे एक शौचालय आणि दहा मुलांमागे एक स्नानगृह सांगितलंय. कागदावर हिशेब जुळतो, पण तुम्ही स्वतः आत जा, दार लावा, कडी बसते का बघा. रात्री दिवा लागतो का, बादली आणि मग आहे का, पाळीच्या दिवसांत पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का. कडी मोडलेलं शौचालय मुली वापरत नाहीत, पोट दाबून बसतात. मोजताना ते धरूच नका.

खरा वेळ द्या तो वैयक्तिक काळजी आराखड्याला, म्हणजे नमुना ७ ला. एका संस्थेत मी फायली उघडल्या तर ओळीनं एकच वाक्य: ‘बालिका अभ्यासात हुशार, वर्तन चांगले.’ नाव तेवढं बदललेलं. असे आराखडे दुरुस्त करत बसू नका, नव्यानं लिहा. रोज दोन-तीनच मुली घ्या. समुपदेशक आणि तिची रोजची काळजीवाहक दोघी हव्यात, आणि मुलगी समोर हवी. नमुन्यात मुलाच्या अपेक्षांचा रकाना आहे, तो तिच्याच शब्दांत भरा.

तिथल्याच एका मुलीनं सांगितलं, ‘आईकडं जायचंय.’ वडील वारलेले, आई ऊसतोडीला जाणारी, मामाचं घर गावातच. फाईलमध्ये मामाचा उल्लेखही नव्हता. गृहभेट झाली, मामी सांभाळायला तयार होती. अशा मुलीला संस्थेऐवजी घरात वाढवण्यासाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये, आणि आदेश बाल कल्याण समिती देते. संस्था हा शेवटचा पर्याय असं कायदाच सांगतो. तेव्हा प्रत्येक फाईल बंद करण्याआधी विचारा: ही मुलगी आज इथे का आहे? उत्तर नुसतं ‘गरिबी’ असेल, तर प्रस्ताव त्याच आठवड्यात समितीपुढे गेला पाहिजे. पटसंख्या कमी होईल, अनुदान घटेल, असं कार्यकारिणीत कुणीतरी म्हणतंच. तिथे अधीक्षकांनी ठाम राहायला हवं.

सूचनापेटी कार्यालयाच्या दाराशी असेल तर आजच हलवा. मुलांचा वावर असतो तिथे, कार्यालयापासून लांब लावा. किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे हवी आणि पेटी दर आठवड्याला बालसमितीच्या, म्हणजे संस्थेतल्या मुलांच्याच समितीच्या, मुलांसमोर उघडायला हवी. चिठ्ठीवरचं अक्षर कुणाचं, हे कुणीही शोधायचं नाही. ‘भातात खडे येतात’ अशी चिठ्ठी निघाली तर त्या संध्याकाळी स्वतः पंगतीत बसून जेवा आणि काय केलं ते पुढच्या आठवड्यात पेटी उघडतानाच मुलांना सांगा. उत्तर मिळतंय हे कळलं की मोठ्या तक्रारीही बाहेर येतात. त्यांना वेळ लागतो.

अनुपालन अहवाल, म्हणजे त्रुटींवर काय केलं त्याचा अहवाल, पाठवण्याआधी बालसमितीत मोठ्यानं वाचा. मुली ‘हे झालंच नाही’ म्हणाल्या तर तो मुद्दा ‘काम सुरू, अमुक तारखेपर्यंत’ असाच लिहा. नळाचं काम निधीअभावी अडलं असेल, तर मागणीपत्राची प्रत जोडून जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे द्या. अपुरं काम पूर्ण दाखवलंत, तर त्याच्यासाठी पुन्हा पैसे मागता येत नाहीत.

पुढच्या भेटीआधी मुलींना काहीही पढवू नका. पथकाला त्यांच्याशी एकट्यानं बोलू द्या, तुम्ही आणि काळजीवाहक तेवढा वेळ त्या खोलीबाहेर थांबा.