थीमच्या किल्ल्या वाटताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळा, वाचनालयं, गणेश मंडळं यांच्या साइट एकाच वर्डप्रेस मल्टिसाइटवर (एकाच वर्डप्रेसमधून अनेक साइट चालवायची सोय) ठेवल्या की खर्च वाचतो. मग प्रत्येकाला आपल्या साइटचं रूप, म्हणजे थीम, आपल्या मनासारखं हवं असतं. मागणी रास्त आहे. चूक होते ती हक्क देताना.

सगळ्यात महाग चूक म्हणजे घाईत कुणालाही सुपर ॲडमिन, म्हणजे सगळ्या साइटवर पूर्ण हक्क असलेला, करणं. गणपती आठवड्यावर आलेले असतात, मंडळाला वर्गणीचा क्यूआर कोड पानाच्या माथ्यावर हवा असतो. 'दोन मिनिटांचं काम' म्हणून कार्यकर्त्याला पूर्ण हक्क मिळतात. तो थीम एडिटरमध्ये (थीमच्या फाइली ब्राउझरमधूनच बदलायचं पान) हेडरची फाइल बदलतो. कोड मंडळाच्या साइटवर दिसतो आणि तीच थीम वापरणाऱ्या शाळेच्या साइटवर, दहावीच्या निकालाच्या वरही दिसतो. कारण प्रत्येक साइटचे डेटाबेसमधले तक्ते वेगळे असले तरी थीमच्या फाइली सगळ्यांत मिळून एकच असतात. वर्डप्रेस ४.९ पासून हा एडिटर साइट पाडणारी पीएचपी चूक पकडून बदल मागे घेतो, पण इथे पीएचपी चुकलेलंच नसतं. एफटीपीने थेट सर्व्हरवर फाइल चढवली तर तेवढीही राखण नाही: फंक्शन्सच्या फाइलीत एक सेमीकोलन सुटला, की त्या थीमवरच्या सगळ्या साइट बंद.

डब्ल्यूपी-कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलीत 'डिसॲलाउ फाइल एडिट' ट्रू करून टाका, म्हणजे हा एडिटरच बंद होतो. कुणाला खरंच वेगळा साचा हवा असेल तर चाइल्ड थीम (मूळ थीमवर आधारलेली, पण बदल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणारी) बनवा आणि नेटवर्क ॲडमिनमध्ये त्या साइटच्या 'थीम्स' टॅबमधून ती फक्त तिथेच चालू करा. अर्धा तास जातो, जाऊ द्या.

दुसरी चूक: 'इथे हवा तो कोड टाका' असा मोकळा रकाना. मल्टिसाइटमध्ये न गाळलेलं एचटीएमएल, म्हणजे ज्यात स्क्रिप्टही असू शकते असा पानाचा कोड, फक्त सुपर ॲडमिनला लिहिता येतं. 'ॲडिशनल सीएसएस' हा रूप बदलणाऱ्या कोडचा रकाना साइट ॲडमिनला दिसत नाही तेही त्याच कारणाने. प्लगइन टाकून हे कुलूप काढणारे पुष्कळ भेटतात. साइट सबडिरेक्टरीत, म्हणजे एकाच डोमेनच्या पोटात, असतील तर ब्राउझरच्या लेखी सगळ्यांचं घर एकच. एका साइटवरची स्क्रिप्ट, लॉगिन असलेल्या सुपर ॲडमिनने ते पान नुसतं उघडलं तरी, त्याच्या नावाने नवा ॲडमिन तयार करू शकते. त्याची लॉगिनची कुकी चोरायचीही गरज पडत नाही. त्यापेक्षा पाच-सहा ठरावीक पर्याय द्या: लोगो, दोन रंग, माथ्याचं चित्र, यादीतला फॉन्ट, साइडबारची बाजू. रंग वर्डप्रेसच्या 'सॅनिटाइझ हेक्स कलर' फंक्शनमधून गाळून साठवा, फॉन्ट यादीशी ताडून घ्या आणि छापताना पुन्हा एस्केप करा, म्हणजे त्यातली चिन्हं कोड म्हणून चालणार नाहीत. साठवताना गाळलं म्हणून छापताना सोडणं हा आळस आहे.

एसव्हीजी लोगो घेऊ नका; ती फाइल मजकुरात लिहिलेली असते, त्यात स्क्रिप्ट लपते. पीएनजी मागा.

मूळ थीममध्ये थेट बदल केले तर पुढच्या अपडेटला ते पुसले जातात.

'चाइल्ड थीम लावली आणि लोगो-रंग गेले' ही तक्रार नेहमीची. ते गेलेले नसतात. या सेटिंग थीमच्या फोल्डरच्या नावाने साठतात. जुनी थीम लावा, परत दिसतील. म्हणून लोकांनी रंग निवडण्याआधीच चाइल्ड थीम लावून द्या.

मराठी-कन्नड पानांवर अक्षरांतलं अंतर आणि ओळींची उंची बदलायची सोय देऊच नका. लेटर-स्पेसिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते. ओळीची उंची अक्षराच्या १.२ पट ठेवली की कन्नडचे ओत्तक्षर (जोडाक्षरात खाली लिहिलं जाणारं अक्षर) खालच्या ओळीतल्या मात्रांवर चढतात. ती थीममध्येच १.७ ठेवा, आणि फॉन्टच्या यादीत आधी नोटो सॅन्स देवनागरी, मग नोटो सॅन्स कन्नड.