तरणी घोडी पाठीवरून फेकतीये? चाबूक काढायच्या आधी या चुका टाळा

सीन असा असतो, स्वार खाली धुळीत, खोगीर पोटाकडं सरकलेलं आणि घोडी कुंपणापाशी जाऊन काही झालंच नाही अशा थाटात कडबा हुंगतीये. आणि बघणारे चार जण एकच बोलणार, "लय माजलीये, दोन फटके द्या." मी पण दिले होते. काही उपयोग झाला नाही, उलट दुसऱ्या दिवशी खोगीर हातात बघूनच तिनं कान मागं टाकले.

घोडी सारंगखेड्याच्या यात्रेतनं आणली होती, दत्तजयंतीच्या वेळी, मारवाडी जातीची, दोन दाती, म्हणजे अडीच-तीन वर्षांची. घरी आणल्यावर हौस किती! सकाळ-संध्याकाळ तोबरा भरून हरभरा आणि मका, वरनं गूळ, आणि आठवड्यातले सहा दिवस अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढनं-मागनं दोरानं बांधून, जागेवर उभी, कारण मला वेळ फक्त रविवारी. रविवारी मित्र बोलवून चढलो, तिसऱ्या उसळीला मी खाली. आता कळतं की तिचं काहीच चुकलं नव्हतं, एवढं दाणावैरण अंगात आणि पाय मोकळे करायला जागा नाही, तर ते बाहेर कुठनं पडणार? काम नसेल त्या दिवशी दाणा जवळजवळ बंद, चारा भरपूर, आणि रोज थोडा वेळ तरी मोकळं सोडायचं. निम्म्या घोड्यांच्या दुगाण्या एवढ्यावरच थांबतात असं माझं मत आहे.

पण माझ्या घोडीच्या नाही थांबल्या. मग एका म्हाताऱ्या मोतद्दारानं, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्यानं, सांगितलं, वर बसायच्या आधी खालनं बघ. त्यांनी नमदा, म्हणजे खोगिराखालची लोकरीची गादी, उलटा केला आणि तळहातानं हळूहळू चाचपत गेले, डाव्या बाजूला लोकरीत गोखरूचा वाळका काटा रुतलेला. नुसता नमदा ठेवला की टोचत नसणार, पण माणसाचं वजन आलं की बरोबर पाठीत. महिनाभर मी त्या काट्यावर बसत होतो आणि वर तिलाच मारत होतो.

तेव्हापासून सवय लावलीये, खोगीर टाकायच्या आधी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूनं, खांद्याच्या उंचवट्यापासून कमरेपर्यंत दोन बोटं दाबत न्यायची. कातडी थरथरली, शेपूट फटकारली, पाठ खाली दबली तर त्या दिवशी बसायचंच नाही, आणि रोजच होत असेल तर डॉक्टर. खोगीर लग्नाच्या घोडीचं मागून आणलेलं असेल तर जास्तच बघा. पुढून उंचवट्यावर टेकायला नको, मधून उजेड दिसला पाहिजे, आणि मागं शेवटच्या बरगडीच्या पलीकडं जायला नको, कारण तिथून पुढं कमरेला खालून बरगड्यांचा आधारच नसतो.

तोंड पण बघा. या वयात दुधाचे दात पडून नवे येत असतात, हिरड्या दुखतात, काहींना दाढेच्या पुढं एक बारका दात असतो त्यावर लगामाची कडी आपटते. आणि काटेरी लगाम लावत असाल तर प्लीज फेकून द्या, जनावरांच्या छळाविरुद्धच्या 1965 च्या नियमांनीच त्याला बंदी आहे, तरी सर्रास दिसतात.

वयाचं पण सांगतो कारण हे कुणी ऐकत नाही. पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला पाच वर्षांच्या वर लागतात, आणि आपल्याकडं दीड वर्षाच्या आदत, म्हणजे अजून दुधाचेच दात असलेल्या, शिंगरावर ऐंशी किलोचा दादा बसतो. रेसकोर्सवर दोन वर्षांचे घोडे पळतात की, असं म्हणणारे भेटतात, पण तिथं जॉकी पन्नास-पंचावन्न किलोचा असतो भाऊ. मोठ्या घोड्याला सुद्धा खोगीर धरून त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा, त्यावर नाही. कच्च्याला त्याहून कमी.

आता प्रत्यक्ष उसळी मारते तेव्हाची चूक. सगळे दोन्ही लगाम गच्च ओढतात, पुढं वाकतात आणि टाचा पोटात रुतवतात, म्हणजे फेकायला हवं ते सगळं आपणच तिला देतो. दुगाण्या झाडायला घोड्याला मान खाली घालावी लागते आणि पाठ कमानीसारखी करावी लागते, मान वर राहिली तर जोर निम्मा. म्हणून खांदे मागं, टाचा खाली, नजर समोर, आणि एकच लगाम वर आणि बाजूला घेऊन मान वळवायची, की मागचे पाय एकमेकांना ओलांडायला लागतात आणि ताकद तुटते. हे चालताना किंवा दुडकीवर करायचं, भरधाव असताना झटका दिला तर घोडा आणि तुम्ही दोघं आडवे, तिथं मोठं रिंगण घेत घेत कमी करा. शांत झाली की लगेच पुढं चालवा, थांबलेल्या घोड्याला उसळी मारणं सोपं असतं.

आणि मागच्या पायांवर उभी राहत असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, तिथं उलट पुढं झुकायचं आणि लगाम सैल सोडायचा, ओढलात तर पाठीवर उलटी पडेल. (वरातीत नाचवलेलं जनावर घेतलं असेल तर हलगी वाजली की उभं राहणं हे त्याला शिकवलेलंच असतं, रागावू नका.)

दुखत नाही याची खात्री असेल तर उसळीनंतर लगेच उतरून तबेल्यात नेऊ नका, तिला कळतं की असं केलं की सुट्टी मिळते. दहा पावलं का होईना नीट चालवून मग उतरा. पडलात तर तीन मिनिटांनी पकडून मारायचं नाही, तोवर ती विसरलेली असते, तिला वाटतं पकडू दिलं म्हणून मार पडला. हेल्मेट पाहिजेच, आणि चप्पल घालून बसू नका, पाय रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, आरपार गेला तर फरफटत जाल.

राहिला तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा. मी एका दमात शेवटच्या भोकापर्यंत ओढून लगेच टांग टाकायचो. आता पहिलं भोक खुंट्यापाशी, वीस-पंचवीस पावलं चालवून दुसरं, आणि बसायच्या अगदी आधी तिसरं. घोडी आता पाच वर्षांची झालीये, तरी घाईत दुसरं भोक चुकवलं की मान वळवून माझ्या हाताकडं बघते.