दोराने झाडावर चढण्यापूर्वी: नव्या वृक्षछाटणीकाराची तयारी

वृक्षसंवर्धनाचे काम शिकू पाहणारे तरुण बहुधा साहित्याबद्दल विचारतात: दोर कोणता घ्यावा, हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्ट्यांचा साज) कोणता, खर्च किती येईल. प्रश्न रास्त आहेत, परंतु माझ्या यादीत सर्वांत वर एका माणसाची जागा आहे. वर काही झाले तर झाडावर चढून तुम्हाला खाली आणू शकेल असा दुसरा प्रशिक्षित चढणारा, स्वतःच्या स्वतंत्र दोरासह आणि हार्नेससह, झाडाखाली हजर असल्याखेरीज नवशिक्याने जमीन सोडू नये. हार्नेसमध्ये माणूस निश्चल लटकून राहिला की पायांच्या स्नायूंची हालचाल थांबते, रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांतच प्रकृती गंभीर होऊ शकते. म्हणून अग्निशमन दलाच्या शिडीची वाट पाहणे ही सुटकेची योजना होऊ शकत नाही. सुटकेचा दोर काम सुरू होण्यापूर्वीच झाडात घालून ठेवता आला तर उत्तम.

या सहकाऱ्याबरोबर हाकांची भाषा आधीच ठरवावी. फांदी सोडण्यापूर्वी वरून इशारा द्यायचा, खालून ‘मोकळं’ असे स्पष्ट उत्तर येईपर्यंत करवत हलवायची नाही, आणि ‘थांब’ ही हाक कोणीही दिली तरी सर्वांनी थांबायचे, एवढे तीन नियम पहिल्या दिवसाला पुरेसे आहेत. झाडाच्या घेराभोवती दोरी बांधून रस्ता अडवावा. शहरात माणसे मोबाइलमध्ये डोके घालून थेट फांदीखाली येतात, त्यामुळे तिथे उभा राहणारा एक स्वतंत्र माणूस लागतोच. करवतीची जखम खोल असते, म्हणून प्रथमोपचाराच्या पेटीत दाब देण्याची जाड पट्टी आणि रक्तस्राव थांबवणारा टूर्निकेट असावा, आणि तो बांधण्याचा सराव दोघांनीही केलेला असावा. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे; तो लावल्यावर सांगता येईल असा नेमका पत्ता आणि जवळची ठळक खूण कागदावर लिहून पेटीच्या झाकणात चिकटवून ठेवावी.

त्यानंतर झाडाकडे वळावे, आणि इथे घाई करू नये. मुळांपासून सुरुवात करावी, कारण मुंबई-पुण्यासारख्या शहरांत झाड उन्मळण्याची कारणे पुष्कळदा जमिनीत असतात: केबल किंवा गटारासाठी चर खणताना तोडलेली मुळे, खोडापर्यंत ओतलेले काँक्रीट, एका बाजूला उचललेली किंवा नव्याने भेगाळलेली माती. गुलमोहराची मुळे उथळ पसरतात आणि पावसाने भिजलेल्या जमिनीत तो वाऱ्याने आडवा होतो, त्यामुळे गुलमोहर फुलांनी लगडलेला दिसला तरी बुंध्याकडे आधी पाहावे. बुंध्याशी टोपीसारखी किंवा फळीसारखी अळंबी उगवली असेल तर आतले लाकूड कुजलेले असण्याची शक्यता मोठी. लाकडी हातोडीने खोड ठोकत फेरी मारावी आणि पोकळ आवाज कुठे येतो ते लक्षात ठेवावे. मग दुर्बिणीतून वर पाहावे: वाळलेल्या फांद्या, ढोल्या, जुन्या छाटणीचे कुजलेले खुंट, आणि ज्या बेचक्यात दोन फांद्यांमधली साल आत दाबली गेली आहे असे अरुंद बेचके. अशा बेचक्यातील जोड वरून भक्कम दिसतो, पण आत लाकडाची लाकडाशी पकड नसते आणि भार पडताच तो चिरतो. चिंचेचे लाकूड चिवट असते, शेवगा आणि सिल्व्हर ओक ठिसूळ. ही माहिती पुस्तकातून मिळते, पण हाताला ती जमिनीवर पडलेल्या फांद्या वाकवून आणि मोडून पाहिल्यावरच कळते, म्हणून सुरुवातीचे काही महिने खाली राहून फांद्या ओढण्यात घालवणे हा वेळेचा अपव्यय नाही.

वीजवाहिनी फांद्यांतून किंवा जवळून जात असेल तर नवशिक्याने त्या झाडावर चढूच नये. अमेरिकेतील वृक्षकर्मींच्या सुरक्षामानकानुसार वीजवाहिन्यांचे खास प्रशिक्षण नसलेल्या माणसाने, त्याच्या हत्याराने आणि त्याने धरलेल्या फांदीनेही वाहिनीपासून किमान ३ मीटर दूर राहायचे असते, आणि अधिक दाबाच्या वाहिनीसाठी हे अंतर वाढते. ओली फांदी वीज वाहते. वीज कंपनीने प्रवाह बंद करून वाहिनीला भूजोडणी दिल्याशिवाय वाहिनी बंद आहे असे धरू नये. कुणाच्या तोंडी आश्वासनावर तर मुळीच नाही.

परवानगीचे कागद हा तयारीचाच भाग आहे. महाराष्ट्रातील नागरी भागांत १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना प्राचीन वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण दिले आहे. आपल्या अंगणातले झाड आहे म्हणून मालक परवानगी देऊ शकतो, हा समज चुकीचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांनाही संरक्षण आहे; पावसाळ्यात बगळ्यांची वसाहत भरलेल्या झाडाला पिल्ले उडून जाईपर्यंत हात लावू नये. आग्यामोहोळ दिसल्यास काम पुढे ढकलावे. या मधमाश्या ऋतूनुसार स्थलांतर करतात, त्यामुळे काही आठवडे थांबणे बहुतेक वेळा शक्य असते, आणि दोराला टांगलेल्या माणसाला पळायला जागा नसते. आंब्यावर पाने जोडून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या जीवघेण्या नाहीत, पण डोळ्याशी चावलेली मुंगी हातातली करवत सोडायला लावते. बाह्या आणि मानेशी बंद होणारा सदरा म्हणूनच हवा. बिब्ब्याच्या झाडाचा रस अंगावर फोड आणतो, तेव्हा तो ओळखता आला पाहिजे.

आता साहित्य. दोरखंडाच्या दुकानात मिळणारा पिवळा किंवा निळा पॉलिप्रोपिलीनचा दोर सामान बांधण्यासाठी आहे. तो घर्षणाच्या उष्णतेने लवकर वितळतो आणि त्यावर माणसाने जीव टांगू नये. चढण्याचा दोर कमी ताणला जाणारा, साधारण ११.५ ते १३ मिलिमीटर जाडीचा आणि प्रमाणित असावा. युरोपीय मानक ईएन १८९१ च्या ‘ए’ प्रकारात दोराने किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २,२०० किलो भार सहन करणे अपेक्षित आहे. सह्याद्रीत कडे चढणारे मित्र प्रेमाने आपला दोर आणि हार्नेस देऊ करतील, पण कड्यावरचा डायनॅमिक दोर पडणाऱ्याला झेलताना ताणला जावा म्हणून बनवलेला असतो. झाडावर त्याच ताणामुळे चढणारा वरखाली झुलत राहतो. कडे चढण्याच्या हार्नेसला कमरेच्या दोन्ही बाजूंना भार घेणाऱ्या धातूच्या कड्याही नसतात, आणि झाडावर कामाच्या वेळी दुसरा बंध, म्हणजे खोडाभोवती घ्यायचा आखूड दोर, त्या धातूच्या कड्यांनाच जोडायचा असतो. हार्नेसवर खर्च करताना हात आखडू नये, आणि विकत घेण्यापूर्वी तो घालून जमिनीपासून हातभर उंचीवर पंधरा मिनिटे लटकून पाहावे; मांड्या बधिर झाल्या तर तो तुमचा नव्हे.

दोराच्या लांबीचा हिशेब कागदावर करावा. फिरत्या दोराच्या पद्धतीत दोर आधाराच्या फांदीवरून जाऊन परत येतो, म्हणजे १८ मीटर उंचीच्या आधारासाठी ३६ मीटर दोर जातोच, गाठींचा वेगळा. ४५ मीटरचा दोर म्हणूनच सोयीचा ठरतो. दोराच्या मोकळ्या टोकाला थांबण गाठ नेहमी मारलेली असावी, नाहीतर उतरताना दोर संपतो आणि टोक गाठीतून निसटते. दोरावर पकड घेणाऱ्या गाठींपैकी ब्लेक्स हिच आधी शिकावी, कारण ती दोराच्या टोकानेच बांधता येते. डोळे मिटून बांधता येईपर्यंत ती झाडावर वापरू नये. कॅराबिनर, म्हणजे दोर आणि हार्नेस जोडणाऱ्या धातूच्या कड्या, उघडण्यासाठी तीन वेगवेगळ्या हालचाली लागतील अशा स्वयंबंद प्रकारचे घ्यावेत. हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा ताणाखाली सुटणारा नसावा. कारखान्यातल्या हेल्मेटचा पट्टा मुद्दाम सुटण्यासाठी बनवलेला असतो आणि उंचीवर तो उपयोगाचा नाही. गिर्यारोहणासाठीचे ईएन १२४९२ मानक पाळणारे हेल्मेट इथे योग्य. दोर वर नेण्यासाठी सुमारे ३५० ग्रॅमची पिशवी बांधलेली बारीक थ्रो लाइन लागते, आणि आधाराच्या फांदीवर साल व दोर दोन्ही वाचवणारा फ्रिक्शन सेव्हर. आधाराची फांदी जिवंत आणि जोडापाशी किमान १० सेंटिमीटर जाड असावी, ठिसूळ जातीत त्याहून जाड, आणि चढण्यापूर्वी दोघांनी मिळून दोराला लटकून ती पारखावी.

लोखंडी काटे बुटांना बांधून चढण्याची पद्धत फक्त तोडायच्या झाडासाठी आहे. जिवंत झाडावर प्रत्येक पावलाला त्या काट्याने सालीखालच्या वाढत्या थराला भोक पडते, आणि ते भोक रोगाला वाट देते. ज्या झाडाची सेवा करायला आपण वर जातो त्याला ही इजा करणे मला मान्य नाही.

हत्यार म्हणून कोयता खालीच ठेवावा. त्याचा घाव चुकला तर दोर किंवा गुडघा सापडतो आणि लागला तरी लाकूड फाटते. ओढताना कापणारी, साधारण ३० सेंटिमीटर पात्याची वक्र करवत म्यानात घालून कमरेला किंवा मांडीला लावावी. ताणलेला दोर तिच्या एका स्पर्शाने तुटतो, त्यामुळे कापताना मुख्य दोराखेरीज दुसरा बंध खोडाभोवती घेतलेला असलाच पाहिजे. चेनसॉ पहिल्या वर्षी झाडावर नेऊ नये. जाड फांदी तीन कापांत काढावी: खोडापासून थोडे दूर खालून एक, त्याच्या किंचित पुढे वरून दुसरा, आणि उरलेला खुंट फांदीच्या बुंध्याशी असलेल्या फुगवट्याच्या बाहेरून तिसरा. अमेरिकेतील वृक्षरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी झाडे उभी चिरून दाखवले की झाड जखम भरून काढत नाही, तर तिच्याभोवती भिंती उभारून कुजणे अडवते. त्या फुगवट्याला कापले की ती संरक्षणाची जागाच जाते. जखमेवर रंग किंवा डांबर लावण्याची गरज नाही.

शरीराची तयारी थोडक्यात सांगता येईल. आदल्या रात्री पुरी झोप, सकाळी पोटभर पण जड नसलेली न्याहारी, आणि मद्याचा अंशही नको. एप्रिल-मे महिन्यांत उन्हे चढण्यापूर्वी काम उरकावे, वर पाण्याची बाटली न्यावी आणि खाली ओआरएसची पाकिटे असू द्यावीत. वाऱ्याने मोठ्या फांद्या हलत असतील, वीज कडाडत असेल किंवा साल ओली असेल तर त्या दिवशी दोर काढूच नये.

दोर वापरल्यावर संपूर्ण लांबी हातातून सरकवून तपासावा: कडक झालेला भाग, चपटेपणा, चकाकी आलेली जळकी जागा, तुटलेले धागे. मळला तर साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा आणि गाडीच्या बॅटरीपासून व पेट्रोलच्या डब्यापासून दूर ठेवावा, कारण आम्लाने नायलॉन बाहेरून न दिसता कमजोर होते. खरेदीची तारीख, उत्पादनाची तारीख आणि प्रत्येक तपासणी वहीत लिहावी. आणि पहिल्या खऱ्या कामापूर्वीचे काही रविवार एखाद्या आंब्याच्या किंवा चिंचेच्या खालच्या फांदीवर, दोन-तीन मीटरच्या आत, चढण्याच्या नव्हे तर सुटकेच्या सरावासाठी राखून ठेवावेत: एकाने हात-पाय सैल सोडून लटकावे, दुसऱ्याने वर जाऊन त्याला खाली आणावे, आणि मग जागा बदलाव्यात.