विक्रीच्या दिवसापासून उलटं मोजत या

मुलांनी हाताने केलेल्या वस्तू विकून एखाद्या संस्थेला मदत करायची असेल, तर कात्री, गोंद, मणी हातात घेण्याआधी पैसे कोणाला द्यायचे ते ठरवा. त्या संस्थेला आधी कळवा, आणि तिचं नाव किंवा बोधचिन्ह पाटीवर लावायचं असेल तर परवानगी लेखीच घ्या. ‘चांगल्या कामासाठी’ एवढ्या मोघम पाटीवर कोणी का विश्वास ठेवावा? सगळी रक्कम देणार की सामानाचा खर्च वजा करून उरलेली, हेही आपापसात बोलून घ्या. दोन्हीत गैर काही नाही, फक्त पाटीवर जे लिहाल तेच व्हायला हवं.

मग काय करायचं ते निवडा, आणि हात आवरता ठेवा. दोन-तीनच प्रकार, पण नीट केलेले. चाळीस नग करायचे आणि एकाला वीस मिनिटं लागतात, म्हणजे तेरा तासांहून जास्त काम. सहा जण असाल तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोन तासांच्या आसपास. हे गणित कागदावर मांडलं की आदल्या रात्रीची धावपळ टळते. वाळायचा वेळ वेगळा धरा. कॉस्टिक सोड्याचा, न तापवता केलेला साबण मुरायला चार ते सहा आठवडे लागतात, शिवाय सोडा कातडी भाजतो. हातमोजे आणि चष्मा घातलेलं मोठं माणूस ते काम करणार नसेल तर साबणाचा विचार सोडून द्या. हवेवर वाळणाऱ्या मातीच्या वस्तूंना एक ते तीन दिवस द्या. मण्यांचे कंगन मात्र शेवटच्या आठवड्यात होतात.

या कंगनांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण परत येणारा माल बहुधा हाच असतो. इलॅस्टिक ओवण्याआधी दोन्ही टोकांना धरून चांगलं ताणा. न ताणलेलं इलॅस्टिक घालता-घालता सैल पडतं आणि मण्यांमधून दोरा डोकावू लागतो. गाठ मारताना टोक एकदा जास्त फिरवून घ्या, वर गोंदाचा एक थेंब टाका, तो वाळला की गाठ मण्याच्या भोकात सरकवा. मग प्रत्येक कंगन ओढून बघा. तुटायचंच असेल तर ते तुमच्या हातात तुटलेलं बरं. क्रोशाच्या खेळण्यांना बटणाचे किंवा मण्यांचे डोळे नकोत, दोऱ्याने भरा. तीन वर्षांखालचं मूल सुटी वस्तू थेट तोंडात घालतं.

किंमत ठरवताना मेहनत धरायची नसेल तर नका धरू, पण दोरा, पिशवी, लेबल आणि बिघडलेले नग धरा. आकडा सुटे पैसे द्यायला सोपा ठेवा. मुलांनी केलंय म्हणून मातीमोल भावात विकू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. वस्तू आवडली म्हणून घेतली जावी, कीव आली म्हणून नव्हे.

टेबलासाठी जमिनीपर्यंत पोचणारी चादर, म्हणजे खोकी दिसणार नाहीत. मागची रांग उंच दिसावी म्हणून चादरीखाली दोन खोकी. प्रत्येक नगावर किंमत चिकटवाच. लाजाळू माणूस विचारत नाही, निघून जातो. कानातली असतील तर छोटा आरसा. वाऱ्यासाठी चिमटे, शिवाय चिकटपट्टी, पेन, पिशव्या, पाणी.

गल्ल्यात सुरुवातीला किती सुटे ठेवले ते मोजून वहीत लिहा, नाहीतर संध्याकाळी तेच कमाईत मिसळतात. गल्ल्यापाशी कायम दोघं हवीत आणि एक जबाबदार मोठं माणूस जवळपास. विकलेला प्रत्येक नग वहीत एका रेघेने नोंदवा. शेवटी दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा जुळला की दोघांनी सही करायची. उरलेल्या मालाचं काय करायचं तेही आधीच ठरलेलं असू द्या.

पैसे लगेच पोचते करा, पावती घ्या, आणि विकत घेणाऱ्यांपैकी ज्यांनी विचारलं होतं त्यांना एकूण रक्कम आणि पावतीचा फोटो पाठवा.